लाइल म्हणाला, पंक्चर काढून घेऊ

आमच्या लाइलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, उभ्या जन्मात मोटरसायकलचं पंक्चर काढलं नाही. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्याही नाही. आणि दुकान होतं मोटरसायकल दुरुस्तीचंच, गावच्या मुख्य रस्त्यावर, धान्याच्या कोठाराच्या समोर. पंक्चर झालेली गाडी आली की हा चाक उतरवायचा, जुना टायर मागच्या अंगणात भिरकावायचा आणि नवा घालायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "चारचाकीचा टायर बसला तर गाडी कडेला लागते. दोनचाकीचा बसला तर माणूस कडेला लागतो. ठिगळ हवं असेल तर शिंप्याकडे जा."

एकदा ऑगस्टात स्टर्जिसच्या मोटरसायकलवाल्यांच्या जत्रेला निघालेला एक दंतवैद्य मिनेसोटाहून येता येता आमच्या गावात अडकला. शनिवार दुपार, त्याच्या गाडीच्या मापाचा टायर दुकानात नाही, सोमवारशिवाय यायचा नाही. बिचारा गयावया करत होता की तात्पुरतं पंक्चर काढा, मी हळू जाईन. लाइल म्हणाला, "हळू मेलं तरी मरणच." आणि त्याला घरी घेऊन आला. तो दंतवैद्य सोमवारपर्यंत आमच्या सोफ्यावर झोपला, माझ्या रुबार्बच्या मुरंब्याची बरणी त्याने एकट्याने संपवली, आणि जाताना माझ्या दाढेकडे बघून वाईट बातमी देऊन गेला. पण लाइलने ठिगळ लावून दिलं नाही ते नाहीच.

इतका हेकट माणूस, दुकान विकून टाकल्यावरही तसाच. म्हणून त्या सप्टेंबरात गॅरेजमध्ये मागच्या चाकाशी वाकून बसलेला लाइल जेव्हा म्हणाला, "व्हर्लिनकडून पंक्चर काढून घेऊ," तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिथे होते तिथेच उभी राहिले.

"काय म्हणालास?"

"पंक्चर. कुंपणाचा खिळा घुसलाय, दोन टोकांचा. मधोमध आहे, कडेला नाही. निघेल."

"तू पंक्चर काढणार?"

"मी नाही. व्हर्लिन काढेल."

"बरं वाटतंय ना रे तुला?"

हे मी आपलं गमतीत म्हटलं. एरवी तो म्हणाला असता, तुझं तोंड बंद झालं की वाटेल. त्या दिवशी मात्र चाकाच्या मोठ्या नटला पाना लावून त्याने जोर दिला. नट हलला नाही. पुन्हा दिला, पायाने दाबला, मग पाना तसाच नटला लटकता ठेवून पालथ्या बादलीवर बसला आणि छातीचा भाता शांत व्हायची वाट बघत राहिला. हा माणूस एका हाताने असले नट सोडवायचा आणि दुसऱ्या हाताने सँडविच खायचा.

तो उन्हाळाभर बारीक होत चालला होता हे मला दिसत नव्हतं असं नाही. त्याच्या पट्ट्याला मीच दाभणाने नवीन भोक पाडून दिलं होतं. पण आमच्याकडे पुरुष बारीक झाला की चर्चमध्ये बायका येऊन कौतुक करतात. मलाही वाटलं, चला, एकदाचं पोट गेलं.

"टायर बदल की सरळ," मी म्हटलं. "नेहमी बदलतोस तसा."

"चांगला आहे अजून. रबर भरपूर आहे. हंगाम निघेल एवढ्यावर."

"आणि पुढचा हंगाम?"

त्याने खिशातून फडकं काढलं आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

"पुढचं पुढे बघू," तो म्हणाला.

पुढच्या वसंताचं इंजिन ऑइल हा माणूस ऑक्टोबरमध्ये आणून ठेवतो.  मी टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, "आत चल. कॉफी टाकते."

आमच्या लोकांची एक खोड आहे. आजे-पणजे नॉर्वेहून येताना घेऊन आले असतील. घर जळत असलं तरी आधी हवापाण्याचं बोलायचं. लाइल टेबलाशी बसला आणि खिडकीतून समोरच्या शेताकडे बघत म्हणाला की मका यंदा लवकर वाळतोय. मी म्हटलं, हो, वाळतोय. तो म्हणाला, वारा नाही आला तर बरं. मी म्हटलं, वारा येणारच. मग कॉफी ओतली आणि विचारलं, "लाइल, कुठे दुखतंय?"

त्याने पोटावर हात ठेवला, मग तोच हात पाठीकडे नेला. "इथे. आत. मागच्या बाजूला. गाठ आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सू फॉल्सचे डॉक्टर."

सू फॉल्सला, आमच्या जवळच्या मोठ्या शहराला, तो उन्हाळ्यात मधूनमधून जायचा. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणायला, असं मला सांगून. आता मला आठवलं की एकदाही तो काही घेऊन आला नव्हता. इतका ताकास तूर लागू देत नव्हता मेला, आणि मी त्याच्यासाठी डबे भरून देत होते.

"उपाय काय म्हणतात?"

"औषधं आहेत. शिरेतून देतात. ती घेतली तर पुढचा उन्हाळा दिसेल. बहुतेक."

"आणि नाही घेतली तर?"

"बर्फ पडेपर्यंत. थोडं पुढे-मागे."

"मग घे की."

"नको म्हणून सांगून आलोय."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं कुणी दारात येऊन झाडू विकत होतं आणि याने नको म्हटलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "ऑरिनला बघितलंस ना तू."

ऑरिन त्याचा थोरला भाऊ. लाइलच्या हट्टापायी औषधं घेत एक अख्खा हिवाळा तो दवाखान्याच्या पलंगावर होता, नळ्या लावलेला, आणि लाइल रोज त्याच्या उशाशी. शेवटी शेवटी ऑरिन लाइलला ओळखत नव्हता. फक्त सांगत होता, घरी ने, घरी ने.

"बघितलं," मी म्हटलं.

"मग झालं तर. हे पुन्हा बोलायचं नाही आपण."

मी त्याच्यापुढे खजुराचा केक ठेवला. त्याने एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला आणि परत बशीत ठेवला. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही, भांडी घासता येतात. स्वच्छ भांडीसुद्धा मी दुसऱ्यांदा घासली. माझ्याशिवाय ठरवून टाकलं. घरातला पडदा बदलायचा तरी आम्ही आठवडाभर वाद घालतो, आणि हे याने एकट्याने जाऊन ठरवून टाकलं.

बोलायचं नाही म्हणाला ना? ठीक आहे. आजाराचं नाही बोलणार. पण टायरचं बोलायला कुठे बंदी होती?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बोलावून नट सोडवला, चाक पिकअपमध्ये टाकलं आणि आम्ही व्हर्लिनच्या दुकानात गेलो. व्हर्लिन म्हणजे ज्याने लाइलकडून दुकान विकत घेतलं तो. काम लाइलच्याच हाताखाली शिकला, आता स्वतःच पन्नाशीला आला आहे. भिंतीवर अजून लाइलने ब्रशने रंगवलेली पाटी आहे. 'ठिगळ लावून मिळणार नाही. विचारू नये.'

लाइलने चाक ठेवलं आणि त्या पाटीखालीच उभा राहून म्हणाला, "पंक्चर काढून दे."

व्हर्लिनला वाटलं चेष्टा आहे. तो हसला, मग माझ्याकडे बघितलं, मी हसत नाही म्हटल्यावर गोंधळला. "बॉस, आज काय एक एप्रिल आहे का?"

"मधोमध आहे. आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लाव. धरेल."

"धरेल हो. न धरायला काय झालं. कंपनीवालेही आता म्हणतात की मधोमध असलं, भोक बारीक असलं, तर चालतं. पण तुम्ही?" त्याने पाटीकडे बोट केलं. "मी शिकत होतो तेव्हा एकदा गुपचूप एकाचं काढून दिलं, तर तुम्ही मला पार नदीपर्यंत त्या माणसाच्या मागे पाठवलंत टायर परत आणायला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तुमची तर..."

तो थांबला. कुणीच हसलं नाही हे त्याला कळलं, का ते कळलं नाही. लाइल टायरच्या रबरावरून अंगठा फिरवत होता. मी पर्सचा पट्टा घट्ट धरला होता.

"नवा घाल, व्हर्लिन," मी म्हटलं. "सगळ्यात जास्त टिकणारा जो असेल तो."

"नको," लाइल म्हणाला.

"कडक रबरचा येतो ना, तो. तीन उन्हाळे जाईल असा."

"आर्डिस, वाया जाईल."

"का वाया जाईल?"

"वाया जाईल म्हणतोय ना."

"का ते सांग. व्हर्लिनलाही ऐकू दे."

 मला माहीत होतं, परक्यासमोर तो मरेल पण सांगणार नाही. व्हर्लिन बिचारा दोघांच्या मध्ये टायर उतरवायची लोखंडी पट्टी हातात धरून उभा. लग्न मोडायची वेळ आली असं वाटलं असणार त्याला.

"गाडी मी चालवतो," लाइल शेवटी म्हणाला. "टायर कुठला ते मी ठरवणार."

"हो का? बरं. काढ रे व्हर्लिन पंक्चर. रविवारच्या फेरीला मी येते मागे बसून."

आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गावातले सगळे मोटरसायकलवाले मिझुरी नदीपर्यंत जाऊन येतात. मग गाड्या झाकून ठेवायच्या त्या बर्फ वितळेपर्यंत. तरुणपणापासून मी दरवर्षी लाइलच्या मागे बसून गेले. मग माझं खुब्याचं हाड बदललं, आणि तेव्हापासून मी बसले नव्हते. डॉक्टरांनीही नको म्हटलं होतं आणि लाइलनेही.

"तुझा खुबा?" तो म्हणाला.

"माझा खुबा मी बघीन."

"तू ठिगळावर बसणार नाहीस."

"बसणार. तू बसतोस ते चालतं, मग मी का नको?"

"आर्डिस."

"का नको, लाइल?"

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे असं थेट फार थोड्या वेळा बघितलं असेल. मग तो दार ढकलून बाहेर गेला. काचेतून तो दिसत होता. रस्त्याच्या कडेला उभा राहून कोठाराकडे जाणारे धान्याचे ट्रक बघत होता, खिशात हात घालून. जॅकेट त्याच्या खांद्यांवरून ओघळल्यासारखं लोंबत होतं. दुकानाच्या काचेतूनच मला ते पहिल्यांदा धड दिसलं.

"आर्डिस, काय झालंय हो?" व्हर्लिनने हळूच विचारलं.

"काही नाही. टायरवरून वाद."

बऱ्याच वेळाने लाइल आत आला. त्याने आपली टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "नवा घाल."

"कुठला?"

"ती म्हणते तो."

मला मनातून हसूच फुटलं. जिंकले म्हटलं. तीन उन्हाळ्यांचा टायर घालणारा माणूस बर्फ पडायच्या आत कुठे जात नाही. याला समोरून सांगितलेलं कधी पटत नाही, वळसा घालून न्यावं लागतं, आणि मी नेलं. व्हर्लिनने यंत्रावर टायर चढवला, हवा भरली, रिमवर टायर टक्कन बसला. नव्या रबराचा वास सगळ्या दुकानात भरला होता आणि मला तो वास सणासुदीसारखा वाटला. घरी आल्यावर लाइल जरा आडवा झाला होता तेव्हा मी सू फॉल्सला फोन केला. सोमवारी सकाळची वेळ घेतली. फोनवरच्या मुलीला म्हटलं, हो हो, तयार झालेत ते आता.

रविवारी ऊन स्वच्छ होतं. नवा टायर पहिले काही मैल निसरडा असतो, रस्त्याला घासून त्याचं तेल जावं लागतं, म्हणून आम्ही सगळ्यांच्या मागून चाललो. लाइल वळणावर गाडी जराही कलती करत नव्हता. मी त्याच्या कमरेला हात घातले होते. पूर्वी माझे हात पुढे जेमतेम एकमेकांना टेकायचे. आता मनगटं एकमेकांवर आली, आणि जॅकेटच्या आत त्याच्या बरगड्या माझ्या हातांना लागत होत्या. खुबा ठणकत होता, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. मनात मी सोमवारची तयारी करत होते. त्याची मऊ चप्पल घ्यायची, रजई घ्यायची, तिथे थंडी वाजते म्हणतात.

नदीच्या अलीकडे टेकडीवर लाइलने गाडी थांबवली. बाकीचे पुढे खाली ॲपल-पायच्या दुकानात गेले होते. तो खाली उतरून गवतावर बसला, पाठीला हात लावून. खाली नदी पसरलेली होती. मला वाटलं हीच वेळ चांगली.

"उद्या सकाळी लवकर निघावं लागेल," मी म्हटलं. "सू फॉल्सला. मी वेळ घेतलीय."

"कशाची?"

"औषधाची. सुरू करायची ना."

त्याने पाठीवरचा हात काढला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं सुरू करायची?"

"तू नवा टायर घातलास."

"हो."

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की मी काय समजून बसले होते. त्याचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"आर्डिस," तो म्हणाला, "तू मागे बसणार होतीस म्हणून घातला. एकट्याचं माझं ठिगळावर भागलं असतं."

मी गवताची काडी मोडत बसले.

"आणि दुसरं असं की," तो पुढे म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून, देवाशपथ मला बरं वाटावं म्हणूनच, "गाडी नंतर तुला विकावी लागेल. नवा टायर बघितला की माणूस फार किटकिट करत नाही. माझ्या माघारी तुला घासाघीस जमणार नाही. व्हर्लिनला सांग, तो बघेल सगळं."

तीन उन्हाळ्यांचा टायर मी मागितला, आणि हा तीन उन्हाळे दुसऱ्याच कुणाला तरी देऊन बसला होता. मी उठले आणि त्याच्या पाठीवर गुद्दा मारला. जोरात नाही, पण मारला. आजारी माणसाला. तो हलला नाही.

"माझ्यासाठी घे," मी म्हटलं. "एवढं माझ्यासाठी घे ना रे औषध." असलं मी त्याच्याकडे कधीच मागितलं नव्हतं. आमच्यात असं मागत नाहीत.

"टायर घेतला तुझ्यासाठी," लाइल म्हणाला. "दुसरं काहीही माग. तेवढं मागू नकोस. तू मागितलंस तर मी घेईन, आणि मग मला तुझा राग येत येत जावं लागेल. ऑरिनला माझा येत होता तसा."

खालून कुणीतरी हॉर्न वाजवून आम्हाला बोलावत होतं. लाइल दोन प्रयत्नांत उठला. गाडीवर बसून त्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवले, मला चढता यावं म्हणून गाडी ताठ धरली, जशी तो नेहमी धरायचा. मी त्याच्या खांद्याला धरून चढले. आम्ही खाली जाऊन ॲपल-पाय खाल्ला. म्हणजे मी खाल्ला, त्याचाही मीच खाल्ला, लोकांना कळू नये म्हणून. सगळे म्हणाले, आर्डिस, किती दिवसांनी, बरं वाटलं बघून. मीही म्हटलं, मलाही बरं वाटलं.

सोमवारी सकाळी तो गॅरेजमध्ये गाडी पुसत होता. मी स्वयंपाकघरातून सू फॉल्सला फोन लावला आणि सांगितलं की मिस्टर टॉर्गरसन आज येणार नाहीत. मुलगी गोड होती. काही हरकत नाही म्हणाली, आणि विचारलं, मग पुढची कुठली तारीख देऊ?

मी म्हटलं, नको. त्यांचं ठरलंय.